खाली माणूस आहे

काचेच्या उभ्या जारमध्ये तपकिरी पाणी भरून नथ्थूआप्पा तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचे, समोर स्टूल ओढायचे आणि बसायचे. त्यानंतर अर्धा तास त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळी वसाहत ते पाळायची. मिलचा भोंगा वाजला तरी आप्पांची मान वळत नसे.

सुरुवातीला जारमध्ये काहीच घडत नसे. नुसतं ढवळलेलं पाणी. मग वरच्या काठाखाली बोटभर जागा उजळायची. तपकिरी ढग एकमेकांना धरून सावकाश खाली उतरू लागायचे आणि त्यांच्या डोक्यावर पाण्याचा स्वच्छ थर उरायचा. इतका स्वच्छ की त्यातून पलीकडचं कडुलिंबाचं झाड दिसे, फक्त डावीकडची फांदी उजवीकडे गेलेली असे. ढग जारवरच्या तीनशेच्या खुणेपाशी येऊन थांबले की आप्पा उठत.

"बसली मंडळी," असं म्हणत, आणि त्यांचा दिवस सुरू होई.

मी तेव्हा सुरतेत एका मराठी दैनिकाचा बातमीदार होतो. कार्यालयात एक निनावी पत्र आलं होतं. बमरोलीच्या बाजूला, पांडेसऱ्याच्या मिलांच्या मागे एका मिलनं कामगारांसाठी वसाहत बांधली आहे, तिथल्या मैलपाण्याच्या प्लांटची दुर्गंधी असह्य झाली आहे, असा मजकूर होता. मी सकाळी पोचलो. खाकी अर्धी चड्डी आणि बाह्यांचा बनियन घातलेला, पन्नाशीचा, सडपातळ माणूस स्टुलावर बसला होता. मी नाव विचारलं. त्यानं जारकडे बोट दाखवलं आणि तेच बोट ओठांवर ठेवलं. मी अर्धा तास उभा राहिलो. वहीत त्या दिवसाची नोंद दोन शब्दांची आहे: वास नाही.

बातमी झाली नाही. जाणं मात्र चालू राहिलं.

प्लांट म्हणजे फार काही नव्हतं. वसाहतीची सगळी गटारं एका जाळीपाशी येऊन मिळायची. पुढे एक मोठी उघडी टाकी, तिच्यात पाणी घुसळून हवा मिसळणारा पंखा. त्या टाकीतले जिवाणू घाण खाऊन वाढायचे. नंतर दुसरी, शांत टाकी, जिथे ते गाळ होऊन खाली बसायचे आणि वरचं निवळ पाणी काठावरून नाल्यात पडायचं. पंख्याचा आवाज वसाहतीत दिवसरात्र असे. लोकांना तो ऐकू येत नसे, बंद पडला तरच ऐकू येई. हिवाळ्यात सकाळी टाकीवर वाफ धरायची, त्या वाफेत पांढरे बगळे काठावर उभे असायचे आणि त्यांच्यामधून आप्पा हातात लांब काठी घेऊन चालायचे. लांबून पाहणाऱ्याला तो माणूस पाण्यावरूनच चालतोय असं वाटे.

टाकीतल्या जिवाणूंना ते 'मंडळी' म्हणत. मंडळी आज सुस्त आहेत. मंडळींना थंडी वाजली. काल तीन घरी लग्नाचं जेवण होतं, तूप फार आलंय, मंडळींना अपचन झालंय. ते टाकीतलं पाणी ओंजळीत घेऊन नाकाशी धरायचे. चांगलं असलं तर नांगरलेल्या रानासारखा वास यायचा. हा वास ते मलाही घ्यायला लावत. मी पहिल्यांदा मान मागे घेतली तेव्हा म्हणाले, "साहेब, तुम्ही सकाळी जे पाठवलं तेच आहे हे. आता ओळख नाही देत?"

त्यांचं गाव अमळनेरकडचं. नथ्थू सोनवणे हे पूर्ण नाव पगाराच्या दिवसापुरतं, बाकी सगळे नथ्थूआप्पा म्हणत. सुरतेत आल्यावर अकरा वर्षं त्यांनी मिलच्या रंगखात्यात काढली होती. रंगाच्या पिंपात हात घालून ताग्याचं टोक धरायचं आणि पाळी संपली की पिंप नाल्यात ओतायचं. त्या काळी पांडेसऱ्यात राहणाऱ्या कुणालाही आज कुठल्या मिलमध्ये कुठला रंग चालू आहे हे खाडीकडे बघून सांगता येत असे. आप्पांनी रंगखातं सोडून सहा वर्षं झाली होती, पण त्यांच्या नखांच्या मुळाशी अजून जांभळी रेघ होती. ती दाखवून ते म्हणत, "अकरा वर्षं खाली ओतलं. कोण आहे खाली, कधी बघितलं नाही."

प्लांटवर माणूस हवा होता तेव्हा वसाहतीतलं कुणी तयार होईना. आप्पांनी स्वतः जाऊन मागून घेतलं. त्यावरून घरात बरीच वादावादी झाली. भुसावळला रेल्वेत असलेला त्यांचा मेहुणा आला होता, तो जेवताना ताटावरून उठला. "आपल्या लोकांनी हे काम टाकून दिलं म्हणून आपण माणसात आलो. आणि तुम्ही अर्ज करून गटार मागून घेतलं?" तो म्हणाला. बौद्ध घरातला तो प्रश्न होता आणि तो चुकीचा नव्हता.

आप्पांनी त्याला दुसऱ्या दिवशी जारसमोर बसवलं. अर्ध्या तासानं म्हणाले, "ते उचलायचं काम होतं. हे निवळायचं आहे." मेहुण्याला पटलं की नाही कळलं नाही. जाताना त्यानं जारकडे पुन्हा एकदा वळून बघितलं, एवढं आप्पा सांगत.

त्यांच्या बायकोला, गोदाबाईंना, पटवायची गरज नव्हती. त्या घरात अहिराणी बोलत आणि चिडवायचं असलं की हमखास अहिराणीच. मी चहाला बसलो की टाकीकडे हात करून म्हणत, "मन्ही सवत शे ती. सकाळले उठतस अन् पहिलं तिनं तोंड दखतस."

"ती बोलत नाही ना पण," आप्पा म्हणत.

"म्हणून तर गोड लागस!"

'बसू द्या' हे आप्पांचं उत्तर सगळ्याला होतं. वसाहतीतल्या दोन शेजाऱ्यांचं मोरीच्या पाण्यावरून भांडण पेटलं, काठ्या निघाल्या. आप्पा दोघांना दंडाला धरून प्लांटवर घेऊन आले, जार भरला आणि दोघांना एकाच बाकावर बसवलं. बोलायचं नाही, हा नियम दोघांनाही ठाऊक. पंधरा मिनिटांनी एकानं दुसऱ्याला हळूच विचारलं, "हे जे खाली चाललंय, ते तुझं का माझं?" दुसरा हसला. भांडण मिटलं असं नाही, पण काठ्या परत गेल्या.

आणि दुसरं त्यांचं वाक्य: खाली माणूस आहे. गटारात काय टाकायचं नाही हे सांगताना ते कधी कायदा सांगत नसत, रोगराई सांगत नसत. रॉकेल ओतू नका, खाली माणूस आहे. रंगाचा डबा धुऊ नका, खाली माणूस आहे. बायकांनी त्याची चेष्टा केली. एखादीनं खिडकीतून साबणाचं पाणी भिरकावलं की दुसरी आप्पांच्या आवाजात ओरडायची, "अगं, खाली माणूस आहे!" आणि सगळा जिना हसायचा. तरीही रॉकेल ओतणं बंद झालं होतं.

खाली खरंच एक माणूस होता.

प्लांटमधून निघालेलं पाणी एका जुन्या नाल्यातून साधारण दीड किलोमीटर जाई आणि मग खाडीला मिळे. खाडीत कुठलाही रंग असू शके. पण त्या दीड किलोमीटरभर पाणी स्वच्छ होतं. दोन्ही बाजूंना गवत, मध्ये फरशीचा एक छोटा पूल आणि पुलापलीकडे रमणभाईचं शेत. तो तिथलाच, पिढीजात. मिलांनी वेढलं तरी त्यानं पालक, मेथी आणि सात म्हशी सोडल्या नव्हत्या. त्याच्या म्हशी नाल्यात डुंबत आणि तेच पाणी पीत. दुपारी तिथे उभं राहिलं की मिलांचा आवाज फार दूर गेल्यासारखा वाटे. पाणी दिसायचं नाही, पाण्याखालचं गवत एका बाजूला वाकलेलं दिसायचं, त्यावरून पाणी आहे हे कळायचं. म्हशींच्या पाठींवर चतुर बसत. मी तिथे काही न लिहिता बराच वेळ बसलेलो आहे.

"पण शेवटी खाडीतच जातंय ना?" मी एकदा आप्पांना विचारलं. "तिथे गेल्यावर निळं नाही तर लाल. मग एवढं निवळून उपयोग काय?"

"मधलं तेवढं तर आहे," आप्पा म्हणाले.

प्लांटच्या तोंडाशी एक उंच बांबू रोवलेला होता आणि त्यावर पांढरं फडकं. गोदाबाईंच्या जुन्या लुगड्याचं. फडकं वर असलं तर पाणी चांगलं, नसलं तर म्हशी सोडायच्या नाहीत, वाफ्यात पाणी घ्यायचं नाही. पहिल्याच वर्षी एकदा वीज गेली, पंखा दिवसभर बंद राहिला. आप्पा सांगायला दीड किलोमीटर पळत गेले, पण पोचेपर्यंत म्हशी पाणी पिऊन वर आल्या होत्या. एक म्हैस आठवडाभर आजारी होती. त्या आठवड्यात आप्पांनी बांबू रोवला. सपाट रान होतं, फडकं शेतातून दिसायचं. रोज जारमधली मंडळी बसली की ते फडकं चढवायचे. संध्याकाळी उतरवायचे आणि धुवायचे.

एकदा फडकं बांधताना, न विचारता, त्यांनी मला त्यांच्या आईचं सांगितलं. गावात विहीर होती, पण त्यांच्या वस्तीच्या बायकांनी तिच्या काठाला हात लावायचा नसे. आई घडा घेऊन लांब उभी राही. कुणी येऊन पोहरा काढून वरून ओतेल तेव्हा पाणी. कधी अर्धा दिवस. "घड्यात पडतंय ते कसलं आहे, कालचं आहे का आजचं, तिला विचारता यायचं नाही," आप्पा म्हणाले. त्यांनी दोरीची गाठ आवळली. "रमणभाई माझ्या हातचं पाणी घेतो. त्यालाही विचारावं लागू नये. पण ते वेगळ्या कारणानं."

प्लेग आला तेव्हा सुरत दोन दिवसांत अर्धी रिकामी झाली. वसाहत एका दिवसात. लोक डोक्यावर बोचकी घेऊन उधना स्टेशनकडे निघाले. गोदाबाई निघाल्या. आप्पांनी त्यांना गाडीत बसवलं.

"अन् तुम्ही?"

"मी आठेच शे."

"आठे कोण शे तुमनं?"

"मंडळी शे," आप्पा म्हणाले. गोदाबाई गाडी सुटेपर्यंत त्यांच्याकडे न बघता बसल्या होत्या, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

मी त्या दिवसांत बातम्यांसाठी शहरभर फिरत होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वसाहतीत गेलो. दारांना कुलपं. दोरीवर विसरलेला एक परकर. जिन्यावर कबुतरं. पंख्याचा आवाज मात्र येत होता. आता तो अगदी स्पष्ट ऐकू यायचा, जणू सगळ्या रिकाम्या घरांसाठी कुणी एकच श्वास घेत होतं. आप्पा टाकीच्या काठावर बादली घेऊन बसले होते. बादलीत गुळाचं पाणी होतं.

"लोक गेले, गटारात काही येत नाही," ते म्हणाले. "मंडळी उपाशी आहेत."

ते वाटीवाटीनं गूळपाणी टाकीत सोडत होते, काठाकाठानं फिरत, सगळ्यांना पोचेल असं. दिवसातून दोनदा. रमणभाईही गेला नव्हता. तो सकाळी पाटीभर म्हशींचं शेण पुलापाशी ठेवून जाई, तेही हे कालवून घालत. माझ्या तोंडावर रुमाल होता, त्यांच्या तोंडावर नव्हता. त्यांनी जार भरला. आम्ही दोघं बसलो. त्या सगळ्या निर्मनुष्य वसाहतीत हलणारी गोष्ट तेवढी एकच होती, जारमधला तो तपकिरी ढग. तो खाली उतरत गेला आणि वरचं पाणी उजळलं. आप्पा उठले आणि बांबूवर फडकं चढवलं. खाली शेतात एक माणूस होता, त्याच्यासाठी.

काही आठवड्यांनी लोक परतू लागले. शहर तोवर बदललं होतं. जिकडे तिकडे चुन्याच्या पांढऱ्या रेघा, औषधाच्या फवाऱ्यांचा वास. घाणीनं आपल्याला मारलं असतं, हे प्रत्येकाच्या मनात बसलं होतं. वसाहतीचे सेक्रेटरी बडगुजर मिलच्या टाइम ऑफिसात होते, उत्साही माणूस. त्यांनी ब्लीचिंग पावडरची पोती मागवली आणि एका रविवारी सगळी वसाहत कामाला लावली. जिने घासले, अंगणं धुतली आणि घराघरातून पावडर गटारात ओतली. उरलेली पोती सरळ मोठ्या चेंबरमध्ये रिकामी केली. बायका गात होत्या म्हणे. त्यांना मोकळं वाटत होतं. त्या दिवशी खाली माणूस आहे, असं कुणी ओरडलं नाही.

नेमके त्या सकाळी आप्पा गोदाबाईंना आणायला स्टेशनवर गेले होते. गाडी उशिरा आली. दोघं दुपारी वसाहतीच्या फाटकातून आत शिरले तेव्हा सगळी फरशी पांढरी होती, आणि बायका आप्पांना बोलावून दाखवत होत्या.

"आप्पा, बघा! एक माशी नाही! आता तुमच्या टाकीला कामच उरणार नाही!"

आप्पांनी हातातली पेटी खाली ठेवली आणि पळत सुटले.

पुढचं गोदाबाईंनी सांगितलेलं. टाकीवर पांढरा फेस होता, डोळ्यांना झोंबणारा. आप्पांनी जार भरला आणि बसले. अर्धा तास झाला. काठाखाली उजळ रेघ उमटली नाही. ढग झाले नाहीत, काही उतरलं नाही, राखेसारखं गढूळ पाणी जसंच्या तसं उभं राहिलं. ते आणखी अर्धा तास बसले. इतक्या वर्षांत दुसरा अर्धा तास पहिल्यांदाच. मग उठून त्यांनी फडकं उतरवलं, घडी केली आणि खिशात ठेवलं.

तिसऱ्या दिवशी वसाहतीला 'स्वच्छ वसाहत' अशी पाटी लागणार होती. मिलचे मोठे साहेब येणार, सोबत पालिकेचे अधिकारी. बडगुजरांनी मलाही बोलावलं होतं, त्यामुळे पुढचं मी पाहिलेलं आहे.

साहेबांच्या गाड्या यायच्या आधी बडगुजर प्लांटवर आले. इस्त्रीचा सफारी, हातात हारांची पिशवी.

"आप्पा, फडकं कुठंय?"

"काढलंय."

"आज? रोज असतंय अन् आजच काढलं?"

"पाणी चांगलं नाही, साहेब. मंडळी मेली."

"कोण मेलं?" बडगुजर दचकले. त्या दिवसांत तो शब्द ऐकून कुणीही दचकत असे. मग त्यांच्या ध्यानात आलं आणि ते चिडले. "अरे यार, आप्पा! माणसं मरता मरता वाचली, अन् तू किड्यांचं सुतक धरतोस? पाणी कोण बघतंय? बाहेरून फडकं दिसतं. लाव ते."

"रमणभाई पाणी बघत नाही," आप्पा म्हणाले. "तो फडकंच बघतो."

"एका म्हशीवाल्यासाठी?"

आप्पा बांबूची सुटी दोरी सारखी करू लागले.

"हे बघ. साहेबांसमोर हसू झालं तर तू परत रंगखात्यात. मी सांगून ठेवतो, मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

आप्पांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग खिशातून फडकं काढलं आणि बडगुजरांपुढे धरलं. "तुम्ही बांधा. फक्त बांधल्यावर खाली जाऊन रमणभाईला सांगा, आज मी बांधलंय, नथ्थूनं नाही."

बडगुजरांनी फडकं घेतलं. दोरीपर्यंत गेले. शेताच्या दिशेनं बघितलं. पुलापाशी काळे ठिपके उभे होते, म्हशींचे, दावणीला बांधलेले. मग बडगुजरांनी फडकं हारांच्या पिशवीत कोंबलं.

साहेब आले. सगळं पाहिलं, मान डोलावली. जाता जाता त्यांनी मोकळ्या बांबूकडे बोट केलं. "ये किसलिए है?"

आप्पांनी सांगितलं. हिंदीत, सावकाश, एकही शब्द न वाढवता. फडकं कशासाठी, आज का नाही, पावडरीनं काय झालं, पाणी पुन्हा कधी निवळेल ते ठाऊक नाही. पालिकेच्या अधिकाऱ्यानं वहीत काहीतरी लिहिलं. मोठे साहेब "अच्छा" म्हणाले. पाटी गाडीतून उतरवलीच गेली नाही. हार पिशवीतच राहिले.

बांबू सहा दिवस मोकळा होता. सातव्या दिवशी रमणभाई स्वतः वर आला. प्लांटवर तो कधीच येत नसे. टाकी त्यानं पहिल्यांदाच पाहिली.

"आप्पा, कपडुं क्यां गयुं?"

"मंडळी मरी गई, रमणभाई. बधी."

रमणभाईनं टाकीत बघितलं, नाक मुरडलं आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी घेऊन आला. गाडीत पाट्या आणि पाट्यांत काळा, ओला गाळ. फरशीच्या पुलाखाली, जिथे प्रवाह मंद होई, तिथला. इतकी वर्षं आप्पांच्या टाकीतून जे थोडं थोडं वाहून गेलं, ते तिथे जाऊन बसलं होतं. आप्पांनी मूठभर उचलून नाकाशी धरलं.

"तारी मंडळी पाछी लाव्यो छुं," रमणभाई म्हणाला.

पाट्या उतरवायला आप्पा पुढे झाले तेव्हा जिन्यावरून बायका खाली आल्या. पावडर ओतणाऱ्या त्याच. कुणी माफी मागितली नाही, कुणी मागायला लावली नाही. त्यांनी पदर खोचले आणि गाडीपासून टाकीपर्यंत रांग धरली. पाट्या हातोहात जाऊ लागल्या. टाकीच्या तोंडाशी गोदाबाई होत्या. एकेक पाटी पालथी करताना म्हणत होत्या, "ये वं माय, ये. सवत नसली तरी घर सुनं लागस." सगळी रांग हसत होती. आप्पा पाठ फिरवून पंख्याशी काहीतरी करत होते.

शेण, गूळ आणि तो गाळ. सुमारे तीन आठवडे गेले. जारमध्ये आधी नुसते कण दिसले, मग कणांचे पुंजके, आणि एका सकाळी काठाखाली बोटभर जागा उजळली. मी नव्हतो तेव्हा. रमणभाईनं शेतातून फडकं पाहिलं आणि म्हशी सोडल्या, एवढं मला गोदाबाईंकडून कळलं. फडकं नवं होतं. जुनं पिशवीतून परत आलंच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात प्लांट एका ठेकेदाराकडे गेला आणि आप्पांना रंगखात्यात परत घेतलं. कागदावर कारण लिहिलेलं नव्हतं. बडगुजर तो कागद द्यायला स्वतः आले नाहीत, शिपायाकडून पाठवला. आप्पांनी सही केली, जार धुऊन कपाटात ठेवला आणि मग कपाटातून परत काढून घरी नेला. तेवढीच एक चोरी त्यांच्या नावावर असावी.

ठेकेदाराचा माणूस वाईट नव्हता. पंखा चालवत होता. पण रोज फडकं चढवायचं, उतरवायचं, धुवायचं, हे त्याला कळेना. त्यानं पत्र्याचा चौकोनी तुकडा कापला, पांढरा ऑइलपेंट मारला आणि बांबूला खिळ्यांनी ठोकला. तेव्हापासून तिथलं पाणी बारा महिने चांगलं होतं.

माझी बदली झाली. निघण्याच्या आदल्या आठवड्यात, थंडीत, सकाळी मी निरोप घ्यायला वसाहतीत गेलो. आप्पा घरी नव्हते. रात्रपाळी करून सरळ पुलाकडे जातात, असं गोदाबाई म्हणाल्या. मी नाल्याच्या काठानं चालत गेलो. धुकं होतं. मागे वळून पाहिलं तर पत्रा तेवढा धुक्याच्या वर चमकत होता.

आप्पा फरशीच्या पुलावर उकिडवे बसले होते. समोर जार. जार त्यांनी भरला नव्हता. रमणभाईनं पाण्यात उतरून भरून दिला होता, त्याचे पाय अजून ओले होते. आप्पांचे हात त्यांच्या मांडीवर, पाण्यापासून लांब. प्लांटमधून सुटून आलेला गाळ जारमध्ये असलाच तर खाली बसणार होता, नसला तर पाणी तसंच स्वच्छ उभं राहणार होतं. दोन्ही बघायला अर्धा तास लागतोच. रमणभाई पलीकडच्या काठावर सातही म्हशींचे दोर एका मुठीत धरून उभा होता. त्याची पाठ पत्र्याकडे होती. म्हशींच्या नाकपुड्यांतून वाफ निघत होती. त्या पाण्याकडे बघत होत्या आणि तो आप्पांकडे.

मी हाक मारायला तोंड उघडलं. रमणभाईनं बोट ओठांवर ठेवलं.

धुकं पाण्यावरून हळूहळू उठलं. खालचं गवत दिसू लागलं, एका बाजूला वाकलेलं. आप्पांनी जारमध्ये वाकून पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं आणि मग उजवा हात वर केला. मनगटापर्यंत जांभळा.

रमणभाईनं दोर सोडले.